गाळाचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, ही माणसाची फार जुनी समजूत आहे. नदीत टाकलेली घाण पुढे वाहून जाते, समुद्राला मिळते आणि मग तिचा कोणालाच उपद्रव उरत नाही, या भरवशावर जगभरच्या गावांनी आणि कारखान्यांनी आपले सांडपाणी नद्यांच्या स्वाधीन केले. अणुयुगाच्या आरंभी सोव्हिएत युनियनमध्ये, उरल पर्वताच्या पायथ्याशी, याच भरवशावर अणुबॉम्बच्या कारखान्यातील किरणोत्सर्गी सांडपाणी तेचा नावाच्या एका लहानशा नदीत सोडण्यात आले. हा भरवसा किती फसवा आहे, हे प्रयोगांच्या आधारे दाखवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील शास्त्रज्ञांमध्ये निकोलाय व्लादिमिरोविच तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांचे नाव अग्रभागी आहे. जनुकशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती तोवर युरोपभर पसरली होती. पाणी, गाळ आणि पाणवनस्पती यांतून किरणोत्सर्गी द्रव्ये कशी फिरतात, याचा अभ्यास मात्र त्यांनी एक राजकीय कैदी म्हणून, तारेच्या कुंपणाआड आरंभला.

तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांचा जन्म २० सप्टेंबर १९०० रोजी मॉस्को येथे झाला. वडील रेल्वेचे अभियंता होते, तर आईचे घराणे जुन्या सरदारांपैकी. क्रांती आणि यादवी युद्ध यांच्या धामधुमीतच त्यांचे शिक्षण झाले. मॉस्को विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. परंतु पदवीचा कागद हाती घेण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांची पहिली आवड होती ती गोड्या पाण्यातील मासे आणि जलचर यांची. नदीनाल्यांत जाळे टाकून, चिखलात उतरून प्राणिसृष्टीचे निरीक्षण करण्यात ते रमत. ही तरुणपणातील आवड तीस वर्षांनंतर अगदी वेगळ्या परिस्थितीत उपयोगी पडणार होती. पुढे निकोलाय कोल्त्सोव आणि सर्गेय चेत्वेरिकोव या दोन थोर गुरूंच्या सहवासात ते फळमाशीवरील संशोधनाकडे, म्हणजेच जनुकशास्त्राकडे वळले. १९२२ मध्ये येलेना अलेक्सांद्रोव्हना या सहाध्यायी तरुणीशी त्यांचा विवाह झाला. संसारात आणि प्रयोगशाळेतही ही सोबत अर्धशतकभर टिकली.

१९२५ मध्ये जर्मन मेंदूतज्ज्ञ ऑस्कर फोग्ट यांच्या निमंत्रणावरून हे दांपत्य बर्लिनला गेले. लेनिन यांच्या मेंदूच्या अभ्यासाचे काम सोव्हिएत सरकारने याच फोग्ट यांच्याकडे सोपवले होते. बर्लिनच्या सीमेवरील बुख या उपनगरात कैसर विल्हेल्म मेंदू संशोधन संस्थेचा जनुकशास्त्र विभाग तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांनी नावारूपाला आणला. क्ष-किरणांमुळे जनुकांत बदल कसे घडतात, यावर कार्ल त्सिमर आणि माक्स डेलब्रुक या दोन भौतिकशास्त्रज्ञांसमवेत १९३५ मध्ये त्यांनी लिहिलेला प्रबंध विशेष गाजला. जनूक हा एक रेणू मानून त्याचा आकार अजमावण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनविषयक छोटेखानी ग्रंथात या प्रबंधाचा आधार घेतला आणि त्यातूनच अनेक भौतिकशास्त्रज्ञांना जीवशास्त्राची ओढ लागली.

१९३७ मध्ये सोव्हिएत वकिलातीने त्यांना मायदेशी परतण्यास फर्मावले. तो स्टालिनच्या दहशतीचा ऐन काळ होता. चेत्वेरिकोव यांना १९२९ मध्येच अटक होऊन हद्दपारी भोगावी लागली होती. परतणे म्हणजे तुरुंग किंवा मृत्यू, हे उघड होते. तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांनी परतण्यास नकार दिला आणि हिटलरच्या जर्मनीत सोव्हिएत नागरिक म्हणूनच ते राहिले. या निर्णयाचे ओझे त्यांना जन्मभर वाहावे लागले. युद्धाच्या काळात त्यांनी आपल्या विभागात अनेक निर्वासितांना आणि संकटात सापडलेल्यांना आसरा दिला. पण नाझी राजवटीच्या छत्राखाली संशोधन करीत राहण्यावरून त्यांच्यावर झालेली टीकाही खरी आहे आणि ती आजही पूर्णपणे थांबलेली नाही. त्यांचा थोरला मुलगा द्मित्री नाझीविरोधी भूमिगत गटात सामील झाला होता. १९४३ मध्ये गेस्टापोने त्याला पकडले आणि माउटहाउसेनच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.

१९४५ मध्ये सोव्हिएत फौजा बर्लिनमध्ये शिरल्या, तेव्हा पश्चिमेकडे पळून जाण्याची संधी असूनही तिमोफेयेव-रेसोव्हस्की आपली संस्था सांभाळत बुखमध्येच थांबले. सोव्हिएत अणुप्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या ज्ञानाचे मोल कळले होते. परंतु एका खात्याला काय हवे, याचा दुसऱ्या खात्याला पत्ता नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुप्त पोलिसांनी त्यांना अटक करून मॉस्कोला नेले आणि १९४६ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगातील गच्च भरलेल्या कोठडीतही त्यांनी कैद्यांची शास्त्रीय चर्चासत्रे भरवली. त्या कोठडीत काही काळ असलेल्या अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांनी पुढे आपल्या लेखनात त्याची नोंद केली आहे. तेथून त्यांची रवानगी कझाकस्तानातील कारागांदा छावणीत झाली. उपासमारीने त्यांना पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग जडला. अणुप्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी शोध घेत १९४७ मध्ये त्यांना हुडकून काढले, तेव्हा ते मरणाच्या दारात होते. मॉस्कोच्या इस्पितळात प्राण वाचले, मात्र दृष्टी कायमची अधू झाली. छापील अक्षरे भिंगातून कशीबशी दिसत; त्यामुळे पुढील सारे वाचन आणि लेखन येलेना अलेक्सांद्रोव्हनांच्या डोळ्यांनी आणि हातांनीच होत राहिले.

प्रकृती सुधारताच त्यांना उरलमधील चेल्याबिन्स्क प्रांतात, सुंगुल तलावाकाठच्या एका जुन्या आरोग्यधामात हलवण्यात आले. तेथे गृहखात्याच्या अखत्यारीत ‘प्रयोगशाळा ब’ नावाची गुप्त संस्था उभी राहिली होती. किरणोत्सर्गी द्रव्यांचा सजीवांवर होणारा परिणाम आणि त्यांपासून बचावाचे उपाय शोधणे हे तिचे काम होते. कैदी शास्त्रज्ञ, त्यांचे पहारेकरी आणि जर्मनीतून आणलेले तज्ज्ञ असा तो विलक्षण मेळा होता. कार्ल त्सिमर यांच्यासह बुखमधील काही जुने सहकारीही तेथे आले आणि पुढे पत्नी आणि धाकटा मुलगा आंद्रेय यांचीही भेट घडली. बाहेरच्या जगात १९४८ पासून लिसेन्को यांच्या वर्चस्वामुळे जनुकशास्त्रावर बंदी आली असताना, या कुंपणाआड मात्र त्याच्या नावाचा उच्चार करता येत होता.

त्याच प्रांतात, सुंगुलपासून फारसा दूर नसलेला मायाक हा कारखाना १९४८ मध्ये सुरू झाला होता. अणुभट्टीत भाजलेल्या युरेनियममधून रासायनिक प्रक्रियेने प्लुटोनियम वेगळे काढणे हे त्याचे काम. याच प्लुटोनियमपासून बनवलेल्या पहिल्या सोव्हिएत अणुबॉम्बचा स्फोट २९ ऑगस्ट १९४९ रोजी करण्यात आला. या प्रक्रियेतून स्ट्रॉन्शियम, सीझियम आणि इतर अनेक किरणोत्सर्गी समस्थानिके असलेले द्रव उरत असे. ते साठवण्याची पुरेशी सोय नव्हती आणि थांबायला वेळ नव्हता. १९४९ ते १९५६ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख घनमीटर किरणोत्सर्गी सांडपाणी तेचा नदीत गेले. त्यातील किरणोत्सर्ग सुमारे २७ लाख ५० हजार क्युरी इतका भरतो, असा दीर्घकाळ स्वीकारला गेलेला अंदाज आहे. यातील सुमारे ९५ टक्के भाग मार्च १९५० ते नोव्हेंबर १९५१ या अवघ्या वीस-एकवीस महिन्यांतला होता.

तेचा ही जेमतेम २४० किलोमीटर लांबीची, संथ आणि जागोजागी दलदलीतून वाहणारी नदी. ती इसेत नदीला मिळते, इसेत तोबोलला, तोबोल इर्तिशला आणि इर्तिश ओब नदीला. ओब अखेर उत्तर ध्रुव महासागरात रिती होते. कागदावर पाहता एवढ्या प्रचंड जलसंभारात विषाचा थेंब विरून जावा. पण तेचाच्या काठी ४१ गावे होती आणि तेथे सुमारे २८ हजार लोक राहत होते. रशियन, तातार आणि बाश्कीर शेतकऱ्यांच्या या वस्तीत विहिरी थोड्या होत्या. माणसे नदीचे पाणी पीत, त्यातच कपडे धूत, मुले पोहत, बदके आणि गुरे काठावर चरत. कारखान्यापासून सर्वांत जवळचे मेतलिनो हे गाव प्रवाहाच्या खाली अवघ्या सात किलोमीटरवर होते. नदीत काय मिसळले जात आहे, हे यांपैकी कोणालाही सांगण्यात आले नव्हते.

अशा काळात सुंगुलच्या प्रयोगशाळेत तिमोफेयेव-रेसोव्हस्की आणि त्यांचे सहकारी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला भिडले होते. किरणोत्सर्गी द्रव्य पाण्यात मिसळले की त्याचे पुढे काय होते? त्यासाठी त्यांनी उभारलेली साधने अगदी साधी होती. तळ्याचे पाणी, तळाची माती आणि शेवाळ, पाणवनस्पती यांनी भरलेली काचपात्रे आणि हौद, एवढाच त्यांचा सरंजाम. त्यांत एखाद्या मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी समस्थानिक ठरावीक प्रमाणात सोडायचे, काही दिवस किंवा आठवडे जाऊ द्यायचे आणि मग पाणी, गाळ आणि वनस्पती वेगवेगळ्या काढून प्रत्येकात किती किरणोत्सर्ग उतरला आहे, ते मोजायचे. असे एकामागून एक अनेक मूलद्रव्यांबाबत करण्यात आले. तळ्याकडे अशा रीतीने जमाखर्चाच्या वहीसारखे पाहण्यामागे व्लादिमिर वेर्नाद्स्की यांची शिकवण होती. पृथ्वीवरील मूलद्रव्यांच्या भ्रमणात सजीवांचा वाटा मोठा आहे, हा वेर्नाद्स्कींचा विचार त्यांनी मापनाच्या पातळीवर आणला.

या मोजमापांतून दिसलेले चित्र समजुतीच्या अगदी उलट होते. बहुतेक मूलद्रव्ये पाण्यात टिकून राहतच नव्हती. काही थोडी पाण्यातच विरघळलेली राहत. काही तळाच्या गाळात जाऊन बसत. काहींना वनस्पती आणि सूक्ष्मजीव स्वतःकडे ओढून घेत. तर काही या तिन्ही ठिकाणी कमीअधिक सारखी विभागली जात. येलेना अलेक्सांद्रोव्हनांनी या निष्कर्षांची पद्धतशीर मांडणी करून मूलद्रव्यांचे चार वर्ग पाडले आणि १९६३ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पाणवनस्पतींच्या शरीरात काही समस्थानिकांचे प्रमाण सभोवतालच्या पाण्याच्या शेकडो, प्रसंगी हजारो पट वाढलेले आढळे. म्हणजे केवळ पाण्याचा नमुना तपासून नदी निर्धोक असल्याचा दाखला देणे ही आत्मवंचना होती. कारण विष पाण्यातून निघून दुसरीकडे जमा झालेले असे.

यामागचे कारण मूलद्रव्यांच्या रासायनिक स्वभावात आहे. सीझियम हे पोटॅशियमच्या कुळातले. चिकणमातीच्या कणांत अतिसूक्ष्म थर असतात आणि त्या थरांमधील फटींत सीझियमचे आयन असे घट्ट अडकतात, की सहसा बाहेर पडत नाहीत. म्हणून सीझियम गाळाबरोबर बसते आणि गाळाबरोबरच हलते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे वागते. मातीशी त्याचे बंध सैल असतात, त्यामुळे ते पाण्याबरोबर दूरवर प्रवास करते आणि माणसाच्या शरीरात गेल्यावर कॅल्शियमच्या जागी हाडांत आणि दातांत मुक्काम ठोकते. प्लुटोनियम कणांना चिकटून बहुधा जवळपासच्या गाळातच राहते. पाण्यातील इतर रसायनांनी हे सारे गणित बदलते, हेही या प्रयोगांत दिसले. धातूंना आपल्या पकडीत घेणारे एखादे संयुग पाण्यात मिसळले, तर एरवी गाळात बसणारी मूलद्रव्ये पाण्यातच तरंगत राहतात. म्हणजे कारखान्यातून किरणोत्सर्गी द्रव्याच्या जोडीने आणखी काय सोडले जाते, यावरही त्याचा प्रवास अवलंबून असतो.

पुढच्या प्रयोगांत त्यांनी हौदांची रांग केली आणि एका हौदातले पाणी अत्यंत संथपणे दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात असे वाहू दिले. पहिल्या हौदात किरणोत्सर्गी द्रव्य सोडले असता त्यातील मोठा भाग सुरुवातीच्या हौदांतील गाळात आणि वनस्पतींतच अडकून पडे. यातून सांडपाणी शुद्ध करण्याची एक कल्पना पुढे आली. परंतु तिचा दुसरा अर्थ अधिक गंभीर होता. जेथून विष सोडले जाते, तेथील पहिलाच पट्टा त्याचे कोठार बनतो.

तेचा नदीत नेमके हेच घडले. वरच्या टप्प्यातील तळी, गाळ आणि दलदल यांनी किरणोत्सर्गाचा मोठा वाटा सामावून घेतला. १९५१ च्या पुराने तो काठच्या कुरणांवर पसरवला. पाणी ओसरले आणि गाळ मागे राहिला. त्यावर गवत उगवले, ते गाईंनी खाल्ले आणि दुधावाटे ते मुलांच्या पोटात गेले. १९५१ च्या उन्हाळ्यातील पाहणीत परिस्थितीचे गांभीर्य अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले. कारखान्याच्या सर्वाधिक तीव्र सांडपाण्याचा मोर्चा मग कराचाय या मुखहीन तळ्याकडे वळवण्यात आला आणि नदीवर एकापुढे एक बांध घालून जलाशयांची साखळी उभारण्यात आली. काठाला काटेरी तारा लागल्या, पहारे बसले, नव्या विहिरी खोदल्या गेल्या. पुढील काही वर्षांत सुमारे साडेसात हजार लोकांना गावे सोडावी लागली. का सोडायची, हे मात्र त्यांना सांगितले गेले नाही. ज्यांच्या हाडांत स्ट्रॉन्शियम आधीच शिरले होते, त्यांना या उपायांचा लाभ मर्यादितच होता. काठच्या ९४० रहिवाशांमध्ये दीर्घकालीन किरणोत्सर्गी विकाराचे निदान वैद्यकीय दप्तरात नोंदले गेले. पुढील फेरतपासणीत ही संख्या बरीच कमी धरली गेली. परंतु येथील लोकांत रक्ताच्या आणि अन्य कर्करोगांचे प्रमाण मिळालेल्या मात्रेनुसार वाढल्याचे नंतरच्या दीर्घ अभ्यासांतून सिद्ध झाले.

तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांची कैद १९५१ मध्ये संपली. १९५५ मध्ये सुंगुलची प्रयोगशाळा बंद झाली आणि ते स्वेर्दलोव्स्क येथील विज्ञान अकादमीच्या उरल शाखेत रुजू झाले. इल्मेन अभयारण्यातील बोल्शोये मियासोवो तलावाकाठी त्यांनी उन्हाळी संशोधन केंद्र थाटले आणि पाण्यातील किरणोत्सर्गाचे प्रयोग तेथे मोठ्या प्रमाणावर चालू राहिले. बंदी असलेले जनुकशास्त्र शिकण्यासाठी मॉस्को आणि लेनिनग्राडहून तरुण विद्यार्थी मियासोवोला येत. तलावाच्या काठी, झाडाखाली, कधी अर्धवट पाण्यात उभे राहून त्यांची व्याख्याने चालत. भरदार देहयष्टी, घुमणारा आवाज आणि कोणाचीही भीडमुर्वत न ठेवणारे बोलणे यांची मोहिनी तरुणांवर पडे. फेब्रुवारी १९५६ मध्ये प्योत्र कापित्सा यांच्या भौतिकशास्त्र संस्थेत इगोर ताम यांच्यासमवेत त्यांनी दिलेले जनुकशास्त्रावरील व्याख्यान तर सोव्हिएत विज्ञानाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना ठरली.

२९ सप्टेंबर १९५७ रोजी मायाकमधील किरणोत्सर्गी कचऱ्याच्या एका टाकीचा स्फोट होऊन सुमारे २० लाख क्युरी किरणोत्सर्ग हवेत उडाला आणि उरलमधील तळ्यांवर, शेतांवर पसरला. आता किरणोत्सर्गी पर्यावरणशास्त्र ही निकडीची गरज बनली. तथापि या क्षेत्रातील निष्कर्ष गोपनीय अहवालांत बंद होत, आणि जे प्रसिद्ध होत त्यांतून स्थळ, काळ आणि कारण वगळलेले असे. प्रदूषित तळ्यांची वर्णने जणू ती मुद्दाम प्रयोगासाठीच दूषित केली असावीत, अशा भाषेत छापली जात. ज्ञान वाढत होते. पण ज्यांच्या अंगणातून ते उभे राहत होते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

१९६४ मध्ये तिमोफेयेव-रेसोव्हस्की ओब्निन्स्क येथील वैद्यकीय किरणोत्सर्ग संस्थेत विभागप्रमुख झाले. लिसेन्को यांचे वर्चस्व संपल्यावर त्यांची डॉक्टरेटही मान्य झाली. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना जनुकशास्त्रातील किंबर पुरस्कार दिला. मायदेशात मात्र देशद्रोहाचा शिक्का पुसला गेला नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या दडपणामुळे त्यांना संस्थेतून निवृत्त व्हावे लागले. १९७३ मध्ये येलेना अलेक्सांद्रोव्हनांचे निधन झाले आणि त्यांचे डोळेच गेले. २८ मार्च १९८१ रोजी ओब्निन्स्क येथे तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांनी जगाचा निरोप घेतला.

ओब्निन्स्कच्या संस्थेत त्यांच्या सहवासात काम केलेले झोरेस मेद्वेदेव यांनी १९७६ मध्ये ब्रिटनमधून उरलमधील स्फोटाची वार्ता जगापुढे आणली. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ती प्रथम धुडकावली. तेव्हा मेद्वेदेव यांनी सोव्हिएत नियतकालिकांत छापलेले तळी, मासे आणि वनस्पती यांवरील लेख समोर ठेवले. वगळलेली स्थळनावे आकड्यांनी उघड केली होती. स्ट्रॉन्शियम आणि सीझियम यांचे प्रमाण, तळ्यांचा आकार, माशांच्या जाती यांवरून त्यांनी दुर्घटनेचे ठिकाण आणि काळ निश्चित केला. पाणी आणि गाळ यांचा काटेकोर हिशेब मांडण्याची जी शिस्त उरलमध्ये रुजली होती, तिनेच अखेर सरकारी मौनाचा भेद केला. सोव्हिएत सरकारने ही दुर्घटना १९८९ मध्ये मान्य केली आणि त्याच सुमारास तेचाच्या काठच्या लोकांनाही आपल्या नदीचे सत्य कळू लागले. दानिइल ग्रानिन यांच्या १९८७ मधील ‘झुब्र’ या चरित्रात्मक कादंबरीने तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांचे नाव घरोघरी पोहोचवले आणि १९९२ मध्ये त्यांच्यावरील आरोप अधिकृतपणे रद्द झाले.

स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७ यांचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे आहे. म्हणजे साठ वर्षांनंतरही मूळ साठ्याचा चौथा हिस्सा शिल्लक राहतो. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य तर २४ हजार वर्षांचे. कराचाय तळ्याचे काठ १९६७ च्या कोरड्या दिवसांत उघडे पडले, तेव्हा वाळलेला गाळ वाऱ्याने उडून दूरवर पसरला; ते तळे पूर्णपणे बुजवण्याचे काम २०१५ मध्ये संपले. तेचाच्या काठी राहिलेल्या मुस्ल्युमोवो गावाच्या पुनर्वसनाचा निर्णय व्हायला २००६ साल उजाडले. वरच्या टप्प्यातील दलदलीतून स्ट्रॉन्शियम त्यानंतरही थोडेथोडे नदीत झिरपत राहिले. सोडणाऱ्यांनी हात झटकले, तरी गाळ आपले देणे फेडतच राहतो, हे तिमोफेयेव-रेसोव्हस्की यांच्या हौदांनी ज्या काळी दाखवले होते, त्या काळी ते ऐकण्याची गरज तेचाकाठच्या गावांनाच सर्वाधिक होती. त्यांच्यापर्यंत ते पोहोचायला चाळीस वर्षे लागली.